पितृपक्षात कच्छला

माझं माहेर नाशिक रोडचं. वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे आमच्या घरात प्रवासाला मान होता. प्रवासाची सरकारी सवलत, एलटीसी, मंजूर झाली की वडील जेवतानाही रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन बसायचे आणि आई दशम्या किती दिवस टिकतील याचा हिशेब करायची. आमच्या वसाहतीत उन्हाळ्यात बायका एकमेकींना भेटल्या की आधी "यंदा कुठे?" असंच विचारायच्या. मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं असतं.

मग माझं लग्न मखमलाबादच्या एका शेतकऱ्याशी झालं. शेती फुलांची. आधी उघड्यावरचा झेंडू आणि शेवंती, पुढे पॉलिहाऊसमधला गुलाब. मी तोवर शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. लग्नानंतर आम्ही दोघं वणीला देवीच्या दर्शनाला गेलो, तेव्हा मी पिशवीत दोघांचे जास्तीचे कपडे भरून घेतले होते. डोंगर उतरल्यावर हे म्हणाले, "चल, निघू. संध्याकाळची तोडणी हाय." ती पिशवी मी न उघडताच घरी आणली. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

खरी अडचण काय आहे ते कळायला एक अख्खं वर्ष जावं लागलं. माझ्या शाळेला सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत झेंडू असतो आणि मे महिन्यात लग्नं. लोकांना सुट्टी असते तेव्हा त्यांना फुलं लागतात, आणि लोकांना फुलं लागतात तेव्हा माझे यजमान शेतात असतात. त्यांना मोकळा वेळ मिळायचा तेव्हा मी वर्गात सह्याद्रीच्या रांगा शिकवत असायची. पत्रिका जुळल्या, गुण जुळले, पण दोघांच्या सुट्ट्या कोणी पाहिल्याच नव्हत्या.

तरी आम्ही प्रयत्न केले. लेक हायस्कुलात असताना एका मे महिन्यात मनालीचं ठरलं. यांनी स्वतः जाऊन आरक्षण केलं, मी तिघांना स्वेटर आणले. निघायला आठवडा उरला आणि दुपारी असा वारा सुटला की आमच्या पॉलिहाऊसचं प्लॅस्टिकचं छत फाटून शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन पडलं. मी शाळेतून आले तेव्हा हे उघड्या सांगाड्याखाली उभे होते. गुलाबाची झाडं उन्हात होती, आणि हे त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"तू आणि पोरगी जा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी हे बघतो."

"तुम्हाला असं सोडून मी बर्फ बघत बसू?"

आम्ही गेलो नाही. लेकीने मात्र निषेध म्हणून पूर्ण दुपार नवा स्वेटर घालून पंख्याखाली काढली. घामाने निथळत होती, पण काढायला तयार नव्हती. शेवटी सासूबाईंनी तिला कैरीचं पन्हं दिलं तेव्हा कुठे स्वेटर उतरला.

त्यानंतर एका वर्षी यांनी मला न सांगता डिसेंबरातलं केरळ ठरवलं. तिकिटं माझ्या हातात दिली तेव्हा चेहरा असा की जणू केरळ स्वतःच शोधून काढलंय. आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नाटकांपासून मंडपापर्यंत सगळं माझ्याकडे. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. दरवेळी झेंडूचंच नाव खराब होतं." तिकिटं रद्द झाली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की ते रागावले नाहीत.

मग बरीच वर्षं आम्ही त्र्यंबकला जाऊन येतो, भंडारदऱ्याला जाऊन येतो, असंच चाललं. सकाळी जायचं, दिवेलागणीला परत. वाटेत कुणाचंही शेत दिसलं की यांची गाडी आपोआप हळू व्हायची. लेक शिकून पुण्याला नोकरीला लागली, तिच्या मैत्रिणींबरोबर हिंडायला लागली, आम्हाला फोटो पाठवायला लागली. मी विषय काढणं सोडून दिलं. भांडणही नको आणि आशाही नको, असं काहीतरी ते होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका रविवारी आम्ही शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधत बसलो होतो. हे अचानक म्हणाले, "तू हल्ली कुठं जायचं म्हणत नाय."

"म्हणून काय होतं?"

"नाय, म्हणत जा. म्हणत नाहीस तर बरं वाटत नाय." थोडा वेळ त्यांनी एकच जुडी दोनदा बांधली. मग म्हणाले, "पितृपक्षात जाऊ. लग्न नाय, मुहूर्त नाय, फुलाला कुणी विचारत नाय. नवरात्राच्या आत परत."

वर्षातला तो एक पंधरवडा आमच्या दोघांच्याही ध्यानात कधी आला नव्हता. शाळा चालू असते, पण सहामाही परीक्षा लांब असते. मुख्याध्यापिका बाईंकडे रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी कारण वाचून चष्मा काढला. "सहल? तुमची? घ्या बाई, घ्या," म्हणाल्या आणि माझं मत बदलायच्या आत सही केली.

कुठे जायचं ते मी ठरवायचं होतं. मी कच्छ म्हणाले. इतकी वर्षं मी भिंतीवरच्या नकाशात छडीने कच्छचं रण दाखवत आले होते. दलदल, मीठ, ओसाड, असे शब्द फळ्यावर लिहीत आले होते. पण शिक्षिका असल्यामुळे खरंही सांगावं लागलं. "या दिवसांत तिथे पांढरं मीठ दिसणार नाही. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, ते हिवाळ्यात आटतं."

"मग बघायचं काय?"

"पाणी."

"पाणी बघायला गंगापूर धरण हाय की."

यावर मी उठून आत गेले. पाठोपाठ तेही आले आणि म्हणाले, "जाऊ, जाऊ. पाणी तर पाणी." मग त्यांची दुसरी सूचना आली की आपली पिकअप घेऊन जाऊ, वाटेत मनाला येईल तिथे थांबता येईल. मी म्हणाले, "मला फुलांच्या कॅरेटसारखं कच्छला जायचं नाही." शेवटी सुरतेपर्यंत बस आणि तिथून भुजची रेल्वे असं ठरलं. तयारीत त्यांनी एकच गोष्ट उत्साहाने केली. चालायला म्हणून नवे बूट आणले आणि ते पायाला सवयीचे व्हावेत म्हणून घालून शेतात हिंडू लागले. निघायच्या आधीच ते बूट इतके चिखलाने भरले की मला ते घासून उन्हात ठेवावे लागले.

सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. त्या देवाधर्माच्या बाबतीत कडक. सासऱ्यांची तिथी पंधरवड्याच्या सुरुवातीलाच येते, ती झाल्यावर निघायचं होतं. श्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर यांनी विषय काढला.

"पितरांत कुठं हिंडायला जातं का कुणी?" त्या म्हणाल्या.

"आई, मग कधी जायचं तूच सांग," हे म्हणाले.

त्या बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत, एवढ्यावर आम्ही कपडे भरायला घेतले.

आणि निघायच्या आदल्या दिवशी हे शेतातून आले ते हातात गुलाबाची एक फांदी घेऊन. पानांवर पांढरट पावडर धरल्यासारखी दिसत होती. भुरी. पॉलिहाऊसमध्ये ही बुरशी एका कोपऱ्यातून सुरू होते आणि लक्ष दिलं नाही तर सगळीकडे पसरते. त्यांनी फांदी ओट्यावर ठेवली. बॅग दारापाशी तयार होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि कुठे ठेवायची, माळ्यावर की कपाटाखाली, असा विचारसुद्धा माझ्या मनात सुरू झाला.

सासूबाई आतून आल्या. फांदी उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"मग? फवारणी काय तू एकट्यानंच जन्माला घातली का?"

"आई, तसं नाय, पण—"

"तुझा बाप पण असंच म्हणायचा. पण, पण. मला म्हणायचा, द्वारका दाखवीन. शेवटपर्यंत झेंडू दाखवला." त्यांनी फांदी टोपलीत टाकली. "गडीमाणसं हायेत, मी हाय. औषध कोणतं ते सांग आणि निघा. पितरांना काय सांगायचं ते मी सांगते."

हे काहीतरी बोलणार होते, पण मी त्यांच्या दंडाला धरलं. मी सासूबाईंच्या पाया पडले. तिथी नव्हती, सण नव्हता, पडावंसं वाटलं.

भुजला पोचलो आणि पहिला दिवस फोनवर गेला. न्याहारीला बसलो की फोन, रिक्षात बसलो की फोन. औषध कुठल्या कोपऱ्यापासून मारलं, पडदे उघडले का, ठिबक चालू केलं का. मी राजवाड्याची नक्षी बघत असायची आणि मागून आवाज यायचा, "खालची पानं बघितली का, खालची?" दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी फोन घेतला तो मला शेजारी बसून ऐकू आला. "भुरी आटोक्यात हाय. तू सारखा फोन करू नको. मी फोन घ्यायला बाहेर येते, तेवढ्यात माझी कामं खोळंबतात."

फोन बंद करून हे गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. आम्ही भाड्याच्या गाडीने धोलावीराकडे निघालो होतो. जुन्या शहराचे अवशेष तिथे आहेत, आणि तिथे जाणारा रस्ता थेट रणातून जातो. काही वेळाने तो रस्ता आला आणि मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. दोन्ही बाजूंना पाणी. लाट नाही, झाड नाही, किनारा नाही. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दूरवर गुलाबी ठिपक्यांची एक रेघ होती, ते रोहित पक्षी होते. मी इतकी वर्षं मुलांना सांगत होते ते सगळं बरोबर होतं, पण हे त्यात कुठेच आलं नव्हतं.

हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. धरणाचा विषय त्यांनी काढला नाही. म्हणाले, "आईला जमतंय सगळं."

"हो."

"मग आपण इतकी वर्षं का नाय आलो?"

माझ्याकडे या प्रश्नाची भरपूर उत्तरं होती. स्वेटर होते, केरळ होतं, ती न उघडलेली पिशवी होती. एकही सांगावंसं वाटलं नाही. त्यांनी विचारलं तेच मला पुरेसं होतं. मी म्हणाले, "आता आलोय ना. बूट काढा."

आम्ही रस्त्याच्या कडेने खाली उतरलो. पाणी घोट्याएवढंच होतं, पण तळाचा चिखल पाय धरून ठेवत होता. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझा हात धरला. मग हात सोडून मीच पुढे, ते मागे. एका जागी माझा पाय रुतला आणि मी जोरात हसले. इतक्या जोरात की वर गाडीपाशी उभा असलेला ड्रायव्हर वाकून बघू लागला. गाडीत बसल्यावर पाय वाळले तेव्हा पोटऱ्यांवर मिठाचं पांढरं पुट धरलं होतं. यांनी बोटाने ते खरवडलं, चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी घरी एकदाही फोन केला नाही.

घटस्थापनेच्या आधी आम्ही परत आलो. झेंडू फुलायला लागला होता आणि भुरी खरोखरच त्या एका कोपऱ्याच्या पुढे गेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून हे शेतात आणि मी शाळेत. पण परतलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "सांगा आता. काय काय बघितलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण हेच सांगू लागले. घरात मोजकं बोलणारा माणूस. पाणी किती पसरलं होतं ते दोन्ही हात लांब करून दाखवलं. पक्षी कसे उभे होते, रस्ता कसा एका सुतात सरळ गेला होता, जुन्या शहरात दगडात कोरून पाण्याची टाकी कशी केली होती. मी समजत होते की बघणारी मी एकटीच, यांचं मन घरच्या गुलाबात. यांचं लक्ष काय काय टिपत होतं ते मला तिथे ओट्यावर बसून कळलं.

"आणि ही," ते माझ्याकडे बोट करून आईला म्हणाले, "ही तिथं पोरीसारखी पळत होती पाण्यात. माझा हात सोडून. मी नुसता बघत होतो."

"तेच तर बघायचं होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.