गोठलेलं खोबरेल

कपाटातल्या बरणीत गोठलेल्या खोबरेलावर बोटाची खोलगट खूण आहे. माझी पत्नी पौषात गेली. त्या सकाळी तिने वेणीसाठी तेल घेतलं, त्याची ती खूण. ऊब सगळ्यांनाच हवी असते, असं मीही समजत होतो. आता उठल्यावर आधी फरशीवर अनवाणी पाय टेकवून गारवा तपासतो.

काल मुलगी म्हणाली, "बाबा, बरणी उन्हात ठेवते."

"नको."

"शिवरात्र झाली. थंडी शिव शिव म्हणत गेली, तुम्ही एकटेच कुडकुडताय!"

मी तिला खूण दाखवली. तिने बरणी परत कपाटात ठेवली.

आज मी उठण्याआधीच तिने कपाट उघडलं होतं.

"कडेचं तेल सुटलंय, बाबा," ती हळूच म्हणाली. "आईचं बोट आहे अजून."