तेल पाजलेली होडी

गव्हाणच्या कृष्णकांत कोळ्याला होडी लागायची. काठ सुटतो न सुटतो तोच हा बाजूला वाकून सकाळचा नाश्ता माशांना वाढायचा. बाप आनंदा खाडीतला नावाजलेला नाखवा. ज्याची होडी आणि ज्याच्या हातात सुकाणू, तो नाखवा. गावात या शब्दाला सरपंचाहून जास्त मान. पोरगा मात्र बंदराच्या कचेरीत पंख्याखाली बसला, सुकापूरला फ्लॅट घेतला आणि मासळीला 'फिश' म्हणू लागला.

तरी गावात गेला की लोक म्हणायचे, "आनंदा नाखव्याचा पोर आयला." पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण पोर तो पोरच. हे कृष्णकांतच्या जिव्हारी लागायचं. म्हणून बाप गेल्यावर त्याची लाकडी होडी त्याने विकून टाकली आणि पांढरीशुभ्र फायबरची घेतली.

"लाकडाला तेल पाजा, भेगा बुजवा, म्हातारीसारखी सेवा करा," तो गावकऱ्यांना ऐकवायचा. "फायबरला काही लागत नाही. एकदा घेतली की झालं."

झालंच. होडी गावातल्या घरामागे ठेवली, वर निळी ताडपत्री टाकली आणि साहेब सुकापूरला गेले ते गेलेच. होडीने तीन पावसाळे काढले, पण पाण्यात नव्हे, पाणी तिच्यात. तेवढ्यावर त्याला कोण नाखवा म्हणणार?

पण दैव आंधळं असतं म्हणतात ते काही खोटं नाही. २०११च्या आषाढात कोळीवाड्याचे म्हातारे पुढारी काशिराम सुकापूरला त्याच्या सोफ्यावर येऊन टेकले. नारळी पुनवेला गावाचा नारळ ज्या होडीतून भर खाडीत नेऊन सोडायचे, तिचा तळ कुजला होता.

"अवंदा नारल तुज्या होरीतून," काशिराम म्हणाले. "ज्याची होरी, तो त्या दिसाचा नाखवा. रीतच हाय. होरी बरी हाय ना?"

"एकदम नवी," कृष्णकांत म्हणाला. ताडपत्री उचलून पाहिल्याला त्याला तीन वर्षं झाली होती.

रविवारी उचलली. आत काळं पाणी, कुजलेला पाला आणि त्यावर अंडी उबवत बसलेली शेजारच्या गंगाकाकूची कोंबडी. बाकांवर हिरवी बुरशी, कडांना काळी, तळाला बोटभर चिकट मळ. कृष्णकांतने नाकाला रुमाल लावला आणि बायकोला हाक मारली.

बायको सत्यवती. पनवेलच्या बाजारात मासळी विकून घर चालवलेली बाई, तोंडाने कोयत्याहून धारदार. तिने आत डोकावून पाहिलं.

"काय लागत नाय ना हिला?" ती म्हणाली. "बरोबर बोललाव तुमी. हिला तुमीच लागता, तेवढंच नाय मिलालं."

कृष्णकांतने उभं राहून देखरेख केली. कोंबडी हलवली, बूच काढून पाणी सोडलं, ते सगळं सत्यवतीने. कपड्यांची पावडर, गरम पाणी, जुनी फडकी, कोपऱ्यांना दात घासायचे ब्रश. बुरशी निघे, खाली काळे डाग उरत. डागांवर व्हिनेगर ओतून ठेवी, पुन्हा घाशी. साहेबांनी एक ब्रश हातात धरून मोबाइलवर फोटो तेवढा काढून घेतला. तिसऱ्या रविवारी होडी अशी उजळली, की गंगाकाकूची कोंबडीसुद्धा तिला ओळखेना.

इथे थांबला असता तर माणूस तरला असता. पण उद्या पुनव, आणि रात्री त्याला बाप आठवला. पुनवेआधी आनंदा होडीला माशाचं तेल चोळायचा; तो उग्र वास सगळ्या कोळीवाड्यात सुटायचा. तेलाविना नाखव्याची होडी कशी उतरेल? लोक काय म्हणतील? बापाच्या हयातीत ज्या तेलाच्या वासाने याला मळमळायचं, तेच तेल त्याने पहाटे उरणहून डबा भरून आणलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः बाह्या सरसावल्या. कडा, बाकं, तळ, काही म्हणून सोडलं नाही.

सत्यवती आली तेव्हा डबा रिकामा होता.

"लाकूड त्याल पितं," ती म्हणाली. "हे फायबर काय पिनार? पुसा आदी."

"रीत आहे आपली," कृष्णकांत म्हणाला. "तुला नाही कळायचं."

फायबर थेंबभरही प्यायलं नाही. तेल वर चकाकत राहिलं. दुपारपर्यंत धक्क्यावर बांधलेल्या त्या होडीला माश्या लागल्या आणि गावातली एकूण एक मांजरं काठावर पंगत मांडून बसली. कृष्णकांतला वाटलं, काय शोभा आलीय.

संध्याकाळी बँड वाजत मिरवणूक आली. कृष्णकांत पांढरा सदरा, डोक्यावर लाल टोपी आणि पोटात न ओकायची गोळी अशा तयारीत उभा. काशिरामांनी सोनेरी कागदात मढवलेला नारळ त्याच्या हातात दिला. पहिला पाय नाखव्याचा, म्हणून सगळे मागे थांबले. त्याने उजवा पाय होडीच्या कडेवर ठेवला.

पाय पुढे गेला, होडी मागे गेली, आणि मधल्या चिखलात कृष्णकांत बसला. नारळ हातातून निसटला, ओहोटीला लागला आणि कुणाचीही वाट न पाहता डुलत डुलत दर्याकडे निघाला. बँडवाल्यांना कळेना, वाजवावं की थांबावं. त्यांनी वाजवलं.

"पोचला नारल," काशिराम हात जोडून म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गंगाकाकूने मात्र कमरेवर हात ठेवला. "आवो नाखवा, नारल एकलाच धाडलाव? तुमीबी जायाचं होतं संगती."

सगळा धक्का हसला. पोरीबाळी नाकाला पदर लावून हसल्या, मांजरं सदरा हुंगायला आली. कृष्णकांतला यातलं काही ऐकू गेलं नाही. त्याला एकच शब्द ऐकू आला, तोही भर गावात, सणाच्या दिवशी. चिखलात बसल्या बसल्या त्याने टोपी सरळ केली.

होडी पुन्हा ताडपत्रीखाली गेली. तेलावर आता बुरशी दुप्पट जोमाने धरते आणि कोंबडी आपल्या जागी परतली आहे. सुकापूरच्या फ्लॅटवर मात्र दिवाळीआधी पितळी पाटी लागली: कृष्णकांत आनंदा नाखवा.

समोरच्या घरात वसुंधराबाई राहतात, पुण्याच्या. त्यांनी एकदा सत्यवतीला विचारलं, "नाखवा म्हणजे काय हो?"

"काय नाय," सत्यवती कुलूप लावत म्हणाली. "आमच्यात जो धक्क्यावरून पडतो, त्याला म्हनतात."