दस्तगीरनं भरलेली हवा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि गंमत अशी, की ती दुपार आठवली की अजूनही आधी हसूच येतं.

आम्ही भोरचे सहा मित्र. राजगड-तोरणा पायाखालचे. नव्वदच्या दशकात हिमालयातल्या एका शिखरावर निघालो, तर चढायच्या आधीच एसटी स्टँडवर सत्कार! हार, पेढे, आणि माझं दणदणीत भाषण.

पुण्याच्या एका क्लबनं आम्हाला एक पिशवी उसनी दिली होती. हवाबंद, माणूस झोपेल एवढी, पायानं पंप मारायची. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांच्या उपचारासाठी हवेचा असा दाब लोखंडी खोलीत धरत. ही पाठीवर नेता यायची. विरळ हवेनं कुणी आजारी पडला, की त्याला आत घालून हवा भरत राहायचं — तो जणू हजारो फूट खाली उतरतो. मग त्याला खरोखर खाली न्यायचं.

पंप अर्थात आमच्यातल्या दस्तगीरकडे. त्याचं सायकलचं दुकान. दाबाच्या काट्यावर त्याचा विश्वास नाही. पिशवी अंगठ्यानं दाबून बघणार, व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा शोधणार!

शिखरावर चढायच्या आदल्या दुपारी पिशवीत गेलो — मी. दीड तास त्यानं पंप मारला, दुसऱ्या कुणाला पाय लावू दिला नाही. पिशवीच्या छोट्या खिडकीतून त्याचा घामेजलेला चेहरा दिसायचा.

"दिन्या, मरू नगं! हाराची फुलं तरी सुकू दे की रं!"

मी आत खदखदून हसलो.

"हसतंय! हवा लागू पडली!"

मग तोच मला धरून खाली घेऊन आला. बाकीचे चौघे शिखरावर पोचले.

माझं डोकं दुखत होतं का? धाप लागली होती? नाही. सकाळी मी शिखराकडं जाणारी बर्फाची धार बघितली — आणि ठरवलं, आपण हिच्यावर चढायचं नाही. 'मला भीती वाटते' म्हणायचं? त्या भाषणानंतर? मी घेरी आल्याचं सोंग केलं.

गेल्या महिन्यात सारोळ्याला दस्तगीरच्या लेकीचं लग्न झालं. त्यानं मला ओढत व्याह्यांपुढं नेलं.

"ह्यो बघा! म्या हवा भरून जिता केल्याला गडी!"

मांडव हसला. त्यानं मिठी मारली, मीही मनापासून हसलो.

तो पुन्हा हिमालयात गेला नाही. आमच्या सहांत सगळ्यात दमदार तो होता. आणि मी त्या दुपारी धडधाकट होतो.