तात्यांचे चाळीस किलोमीटर

आमच्या सायकल ग्रुपमध्ये माणसं तीन आणि किस्से तीनशे! किलोमीटर मोजायला घड्याळ आहे. किस्से कोण मोजणार? ते चहाच्या टपरीवर आपोआप साचत जातात. मी बारामतीत शाळेत विज्ञान शिकवतो. दुसऱ्या वैशाली डॉक्टर, दातांच्या. तिसरे लासुर्ण्याचे दत्तातात्या, वय सत्तावन्न, सगळा ऊस आणि हौसेपोटी थोडी ढोबळी मिरची. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘सर, तात्यांचा एखादा होऊन जाऊ द्या!’ मी सांगतो, सगळे हसतात. शेवटचा मात्र मी आजवर कुणाला सांगितला नाही.

तात्यांना आयुष्यात एक ट्रायथलॉन पुरी करायची होती. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस सायकल, वर दहा पळायचं, सगळं एका दमात. पोहणं लहानपणापासून विहिरीत पक्कं झालेलं. पळायला रोज कालव्याचा भराव. घोडं पेंड खात होतं ते सायकलवर! आणि नियम कडक. ठरल्या वेळेत सायकल संपली नाही तर पुढं पळायला सोडत नाहीत. मला सायकलचा चार वर्षांचा अनुभव, म्हणून मी त्यांचा कोच झालो. कुणी केलं नाही हो, मीच झालो!

* * *

पहिल्याच आठवड्यात मी मेसेज टाकला, ‘मंगळवारी इंटरव्हल. पाच वेळा, चार-चार मिनिटांचे.’ म्हणजे चार मिनिटं जीव तोडून मारायची, मग जरा दमानं, असं पाचदा.

मंगळवारी दुपारी तात्यांचा फोन. आवाज बसलेला.

“सर, पल्ला पुरा केला. पन लई पित्त झालंय.”

“सायकलनं पित्त?”

“आता पाच इंटरव्हल म्हनल्यावर पाच च्या झालं की! आन् चार मिन्टात गरम च्या संपवायचा म्हंजी जीभ भाजती हो!”

तात्यांना इंटरव्हल माहीत होता तो टुरिंग टॉकीजमधला. पाच टपऱ्यांवर घड्याळ लावून चहा प्यायला होता माणूस! मी आठवडाभर हसत होतो. पण सांगितलेलं त्यांनी अक्षर न् अक्षर केलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं.

* * *

पावसाळ्यात मी माझा होम ट्रेनर त्यांच्या पडवीत नेऊन ठेवला. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं आणि जागच्या जागी पायडल मारायचं. तात्या घामाघूम. काकू शेजारी मिरचीचे क्रेट भरत होत्या. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं,

“सर, ह्ये तासभर पाय मारत्यात आन् जागचं हलंनात. निदान ह्याला पट्टा तरी जोडा! लाईट न्हाय, हिरीचं पानी वर येईल!”

* * *

मग क्लिपचे बूट आले. बूट पायडलमध्ये खट्‌कन अडकतात, सोडवताना टाच बाहेर मुरडावी लागते. लासुर्ण्याच्या चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तात्या थांबले, आणि टाच मुरडायची विसरले. सायकलसकट आडवे! ट्रॅक्टरवाला उडी मारून खाली आला.

“तात्या, सायकलनं धरलं का तुमास्नी?”

“धरलंय न्हवं लेका, सोडंना झालीय!”

* * *

आता जरा वाऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं.

उन्हाळ्यात इंदापूरहून बारामतीकडं यायचं म्हणजे वारा तोंडावर. तात्यांचा वेग एकोणीसवर यायचा, डोळे पांढरे व्हायचे. मी म्हटलं, “तात्या, माझ्या मागं चिकटा. चाकात हातभर अंतर. वारा मी खातो, तुम्ही नुसतं मारत राहा.” लगेच सत्तावीस! तात्या खूश, मी त्यांच्याहून खूश. रोज ग्रुपवर टाकायचो, ‘तात्या ऑन फायर!’

वैशाली डॉक्टर एकदा टपरीवर तोंडावर म्हणाल्या, “सर, त्यांना एकटं सोडा. यात त्यांचे पाय नाही, तुमचे पाय तयार होतायत.”

“डॉक्टर, कॉन्फिडन्स वाढतोय त्यांचा!” मी म्हटलं.

कुणाचा वाढत होता, ते आता कळतंय. माझ्यासारख्या पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाच्या मागं कुणीतरी विश्वासानं येतंय, याची नशा असते हो.

* * *

एक दिवस तात्या मला न सांगता एकटेच डाळजपर्यंत जाऊन आले. येताना सगळा वारा अंगावर. ऊन चढल्यावर परतले, ओठ फुटलेले, पण चेहरा काय फुललेला! “सर, एकट्यानं गेलो बगा! कुनाचा आडोसा न्हाय!”

मी काय म्हणावं? मी घड्याळ मागितलं, आकडा बघितला आणि म्हटलं, “ॲव्हरेज पडला की तात्या. दिवस वाया.”

“व्हय का?” एवढंच म्हणाले. त्यानंतर ते एकटे कधी गेले नाहीत. ते वाक्य परत गिळता आलं असतं तर मी आजही गिळलं असतं.

* * *

तात्यांबरोबर मीही स्पर्धेत नाव घातलं होतं. स्पर्धेच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी ग्रुपवर नियमांची बावीस पानांची पीडीएफ टाकली. खाली लिहिलं, ‘सर, पान नऊ नक्की वाचा.’ मी अंगठा पाठवला. पीडीएफ उघडलीच नाही. विज्ञान शिकवतो मी, पोरांना म्हणतो, प्रश्न नीट वाचा!

इकडं लासुर्ण्यात फ्लेक्स लागला. हार घातलेले तात्या, खाली ‘ट्रायथलॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ अजून स्पर्धा व्हायची होती. तात्या डोक्याला हात लावून म्हणाले, “आता नापास व्हायची सोयच ठिवली न्हाय ह्यांनी!”

* * *

आदल्या संध्याकाळी धरणाकाठी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. माईकवरचा माणूस म्हणाला, “सायकलवर ड्राफ्टिंग चालणार नाही. दुसऱ्यापासून दहा मीटर अंतर.”

तात्या माझ्या कानाशी वाकले. “ड्राफ्टिंग म्हंजी?”

“दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवायचं. वारा लागू नये म्हणून.”

तात्या हळूच म्हणाले, “मंग आपन उनाळाभर काय करत व्हतो?”

“प्रॅक्टिस,” मी म्हटलं.

* * *

सकाळी तात्या पाण्यातून माझ्या कितीतरी आधी बाहेर आले. मी धापा टाकत सायकलीपाशी पोचलो, तर तात्या हेल्मेट घालून, सायकल धरून उभे! त्यांच्या भोवतीची सगळी माणसं कधीच निघून गेली होती.

“तात्या, गेला का नाही?”

“तुमी पुढं नसताना म्या कवा गेलोय?”

सहा मिनिटं उभे होते. हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, त्या काठावर होत्या.

आम्ही निघालो. वारा तोंडावरच. मी सांगितलेलं, दहा मीटर ठेवा. पण सवय! दोन किलोमीटरमध्ये तात्या माझ्या चाकाला. मोटारसायकलवरचा पंच आला, शिट्टी मारली. “काका, यांच्या मागं का चालवताय?”

तात्या घाबरून ओरडले, “साहेब, म्या त्यंच्या मागं न्हाय, तेच माझ्या पुढं हायती!”

पंचालाही हसू आलं. पण बोट दाखवून म्हणाला, “पुन्हा दिसलात तर दोघंही बाहेर!”

तात्या अंतर ठेवायला लागले. दहा मीटर, वीस, पन्नास. मला हळू होता आलं असतं. अंतर ठेवून सोबत राहायला नियमाची आडकाठी नव्हती, नजरेला नजर तरी राहिली असती. पण मी घड्याळ बघितलं. माझी वेळ चांगली पडत होती. “तात्या, तुमच्या तुमच्या तालात या!” असं ओरडलो आणि खाली वाकून निघालो. पुढच्या वळणावर मागं बघितलं, तर पिवळा शर्ट दिसत नव्हता.

तात्यांना चार मिनिटं उशीर झाला. सायकल काढून घेतली, पायाला बांधलेली वेळ मोजायची चिप सोडून घेतली. चाळीसच्या चाळीस किलोमीटर त्या माणसानं पुरे केले होते, बहुतेक सगळे एकट्यानं वाऱ्यात, तरीही.

मला हे माहीत नव्हतं. मी पळत होतो. पाचव्या किलोमीटरला रस्ता वळून परत सायकलींपाशी आला, तिथं पाण्याचं टेबल होतं. स्वयंसेवकांच्या रांगेत पिवळा शर्ट, छातीवर अजून नंबर, पायांत क्लिपचे बूट. तात्या ग्लास भरून लोकांच्या हातात देत होते. मला बघून त्यांनी एक ग्लास पुढं केला. मी थांबलोच. ग्लास हातात घेतला.

तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच पुढं ढकललं.

“पळा सर. मागं नका बगू. आता मागं कुनी न्हाय.”