शून्याचा दगड

शकू घरतसमोर कुणी ‘सर्व्हिस रोड’ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. कळंबोलीला महामार्गाच्या कडेने जाणारा तो पावणेदोन किलोमीटरचा रस्ता राज्याचा होता, त्याला स्वतःचा क्रमांक होता, आणि गेली सत्तावीस वर्षं शकू त्याच रस्त्यावर बांधकाम खात्याची मैलकामगार होती. म्हणजे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाळ्याआधी रस्त्याखालची मोरी मोकळी करायची. तिच्याआधी तिचा बाप काशिराम हेच काम करायचा. महामार्गावरून सुसाट जाणाऱ्यांना हा रस्ता दिसतही नसेल, पण शेजारच्या रोडपालीच्या माणसाला दूध आणायला, पोरांना शाळेत सोडायला, पंक्चर काढायला इथूनच जावं लागे. मिरवायचं महामार्गाने आणि राबायचं आमच्या रस्त्याने, असं ती म्हणे, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये खात्याच्या नव्या अभियंता इरा मॅडम मोजणीला आल्या. रस्त्यांची यादी नव्याने होत होती. शेवटचा मैलाचा दगड लगेच सापडला, पण सुरुवातीचा, शून्याचा दगड काही दिसेना. मॅडमनी दोनदा मोजणीचं चाक फिरवलं, जुना नकाशा उलटासुलटा करून पाहिला. दगड आज मिळाला नाही तर हा रस्ता राज्याच्या यादीतून निघेल आणि महामार्गाची कड म्हणून धरला जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

“हो सर, सर्व्हिस रोडवरच आहे,” त्या म्हणाल्या.

शकूला तो शब्द झोंबला. तिच्या पगाराला धक्का नव्हता, खात्याने तिला दुसऱ्या रस्त्यावर धाडलं असतं. पण बापाने आणि तिने मिळून पन्नासहून जास्त वर्षं ज्या रस्त्यावर घाम गाळला, त्याचं नावच पुसलं जाणार होतं. ते तिला सोसवेना.

“मॅडम, दगड हाय,” ती म्हणाली. “जमिनीत हाय. मी दावते.”

ती त्यांना शैलेशच्या पंक्चरच्या दुकानापुढे घेऊन गेली. काशिराम दर दसऱ्याला घमेलं, फावडं, टिकाव धुऊन शून्याच्या दगडापाशी पुजायचा, कारण रस्ता तिथून सुरू होतो. पुढे शकूही तेच करू लागली. एकोणीस वर्षांपूर्वी ती आठ दिवस रजेवर गेली आणि परत येऊन बघते तर दुकानांपुढे सगळीकडे मुरमाचा भराव घालून वर सिमेंट ओतलेलं, दगड गडप. तेव्हाच्या साहेबांना तिने तीनदा सांगितलं. साहेब तीनदा ‘बघू’ म्हणाले आणि निवृत्त झाले. शकूने वाद घातला नाही. पुढच्या दसऱ्याला तिने त्याच जागी, सिमेंटवरच अवजारं मांडली आणि झेंडू वाहिला. बाई सिमेंटची पूजा करते म्हणून लोक हसले. शैलेशही हसला होता. पण नंतर दसऱ्याच्या सकाळी तो न सांगता तिथले टायर हलवू लागला.

आता मात्र शकूला शंका येऊ लागली. दगड पुरला गेलाय हे ती मनाने ठरवून बसली होती, डोळ्यांनी कुणी पाहिलं होतं? ठेकेदाराने उपटून फेकला असला तर मॅडमपुढे शोभा व्हायची, आणि रस्ताही जायचा.

शैलेशने आतून पहार आणली. ती शकूने त्याच्या हातून घेतली आणि स्वतःच घाव घातले. सिमेंट फुटलं, खाली मुरूम लागला. मुरूम टिकावाने उकरला तरी काही नाही. तिने जागा वीतभर डावीकडे सरकवली आणि पुन्हा पहार मारली. या वेळी ठण्ण आवाज आला.

मग ती खाली बसली आणि हाताने माती काढू लागली. आधी हिरवा माथा दिसला. रंग तिनेच शेवटचा दिलेला, राज्य मार्गाचा हिरवा. त्याखाली रस्त्याचा क्रमांक, आणि त्याखाली शून्य. इरा मॅडम शेजारी वाकून बघत होत्या. बाप असता तर काय म्हणाला असता, एवढंच शकूच्या मनात आलं.

मॅडमनी फोटो काढला, चाक शून्यावर टेकवलं आणि वहीत लिहायला घेतलं. पुन्हा साहेबांचा फोन आला. मॅडमनी एकदा शकूकडे पाहिलं.

“राज्य मार्गावर आहे, सर,” त्या म्हणाल्या. “शून्यावर उभी आहे.”

शकूने पदराने दगडाचा माथा पुसला.

“शैलेश,” ती म्हणाली, “टायर आता कायमचं पलीकडं ठेव.”