थोरल्यांनी चमचा उचलेपर्यंत

सकाळी साडेअकराला कस्तुरी टिपणीस लंडनच्या पिनर भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात भाताच्या आणि सुपाच्या वाट्या मांडत होती. ती सोलमध्ये पाच वर्षं राहून आली होती. पहिल्यांदा कोरियाला निघालेल्यांना ती तिथल्या रीती शिकवते आणि बहुतेकांना मनातून तुच्छ लेखते.

आज शिकायला समोर बसलेल्या मिलिंदरावांना तर उघडच. अडतीस वर्षं ब्रिटनमध्ये काढूनही ताट आलं की यांचा हात चालू. पुढच्या आठवड्यात मुलाच्या कोरियन सासुरवाडीत त्यांचं पहिलं जेवण होतं. व्याह्यांच्या ऐंशी वर्षांच्या आईसमोर ते असेच वागले, तर मान मुलाचीच खाली जाणार होती.

“थोरल्यांनी चमचा उचलेपर्यंत कुणी जेवत नाही,” कस्तुरी म्हणाली.

मिलिंदरावांच्या तोंडात किमची, कोबीचं तिखट कोरियन लोणचं, होती. तिसऱ्यांदा.

“अहो, थांबा ना!” त्यांची बायको नीना कळवळली.

“घरी कधी थांबलोय का मी?”

“ते दिसतंच आहे,” कस्तुरी म्हणाली. “नीनाताई, आज थोरल्या तुम्ही. आणि अजिबात घाई करू नका.”

नीनाने हात मांडीवर ठेवले. सूप निवून गेलं. मिलिंदराव तिच्या चमच्याकडे बघत बसले.

उद्याचीही शिकवणी साडेअकरालाच आहे आणि थोरल्यांच्या जागी नीनाच बसणार आहे.