न वाजणारं दही

भुलाबाईची गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा हात धरणारं आमच्या हिंगणी गावात कोणी नव्हतं. डबा कानाशी नेऊन एकदाच हलवायची आणि सांगून मोकळी. मी आपली दरवर्षी तोंडघशी.

तिच्या हृदयाचा स्नायू ताठर होत चालला होता. आजार इतका दुर्मिळ, की शिकाऊ डॉक्टर खास तिला बघायला यायचे. "पाहुणे आले," ती मला हळूच म्हणायची. ऑपरेशन असतं तर सरकारी योजनेच्या कार्डावर फुकट झालं असतं. पण तिच्या नशिबी नुसत्या गोळ्या, नागपूरच्या तपासण्या आणि दर थोड्या दिवसांनी सेवाग्रामला भरती होणं. प्रत्येक भरतीला घरातलं काहीतरी जायचं. आधी आईची पोत गेली, मग म्हैस. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे माझं फर्मान. कळलं असतं तर तिनं दवाखान्याची पायरी चढली नसती.

भुलाबाई बसल्या तेव्हा ती वॉर्डातच होती. मी वाटेत सेलूला विकतचं दही घेतलं, घरच्या डब्यात ओतलं आणि तिच्यापुढं धरलं. ओळख म्हटलं. आमच्या म्हशीचं दही घट्ट, डब्यात हलायचंसुद्धा नाही. हे वाजलं. तिनं डबा मांडीवर ठेवला.

"म्हैस इकली ना वं?"

मला खोटं बोलता आलं नाही.

घरी आल्यावर तिची तब्येत एकदम सुधारली. कधीही विचारा, मस्त आहे म्हणायची. दम लागत नाही, भूक लागते. पायांची सूज ती गाऊनखाली झाकायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही भोळसट, गोळ्या लागू पडल्या म्हणून खूश. आईनं तर नवससुद्धा फेडला. पुढची भुलाबाई तिनं पाहिली नाही.

मला अजून तिचा राग येतो. अगं बाई, म्हैस काय, दुसरी मिळते!

मिळालीही. तिचंही दही घट्ट लागतं. भुलाबाईत मी गल्लीतल्या पोरींसाठी त्याच डब्यात ते नेते. त्या डबा हलवतात, कान लावतात, एकमेकींकडं बघतात आणि हरलो म्हणतात. मी मात्र झाकण लगेच काढत नाही. अजून कोणी ओळखायचं राहिलं आहे असं वाटतं.